अपरिचित इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतील वरच्या पायरीचे शब्द शिकू पाहणाऱ्या मराठी भाषकांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत, परदेशी शिकायला निघालेले आहेत आणि निवृत्तीनंतर इंग्रजी कादंबऱ्या हातात घेतलेलेही आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांची स्पेलिंगे शब्दकोशात पाहून आपल्या हाताने वहीत उतरवून घ्यावीत, कारण शब्द शोधण्याच्या आणि लिहिण्याच्या खटाटोपातच तो निम्मा पाठ होतो.

१. वरच्या पातळीचा शब्द नेमका कोणाला म्हणायचे? जो अवघड वाटतो त्याला?

एखादा शब्द अवघड वाटतो की नाही हे ज्याच्या त्याच्या वाचनावर अवलंबून असते, म्हणून ती कसोटी कामाची नाही. तो शब्द कुठे भेटतो हे पाहावे. प्रॅग्मॅटिक, ॲम्बिग्युअस, हायपॉथेसिस असे शब्द पाठ्यपुस्तकांत आणि अग्रलेखांत रोज भेटतात. ते आधी शिकावेत. न्यूझीलंडमधील भाषाभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात सतत येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली, ती या टप्प्यासाठी आजही उपयोगी आहे. त्यापुढची पायरी टॅसिटर्न, परफंक्टरी, लगूब्रिअस अशा शब्दांची. हे रोज भेटत नाहीत, पण चांगले इंग्रजी वाचणारा प्रत्येक जण ते ओळखतो, आणि या पानावरील बहुतेक चर्चा त्यांच्याविषयीच आहे. केवळ शब्दकोशातच राहणाऱ्या शब्दांसाठी प्रश्न १२ पाहावा.

२. एकूण किती शब्द आले पाहिजेत?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे २० खंड आहेत आणि त्यांत सुमारे २,९०,००० नोंदी आहेत. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली असा हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचे, म्हणजे त्यातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे, तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले पुरतात. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी पिलावळ. करणे, करणी, कर्ता, करवून घेणे हे आपण जसे वेगवेगळे मोजत नाही, तसेच तिथेही मोजत नाहीत. ज्याचे पदवीपर्यंतचे शिक्षण झाले आहे आणि जो थोडेफार इंग्रजी वाचतो, त्याने यातला बराच पल्ला नकळत गाठलेला असतो. उरलेल्या वाटेवर दिवसाला ३ किंवा ४ शब्द नीट शिकणे हे रोज ३० शब्द चाळण्यापेक्षा पुष्कळ पुढे नेते.

३. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. हे शब्द मला इतरांपेक्षा कठीण जाणार का?

जाणार नाहीत, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. इंग्रजीतील भारदस्त शब्द मुख्यतः लॅटिन आणि ग्रीकमधून आले आहेत, आणि या दोन्ही भाषा संस्कृतच्या नात्यातल्या आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर हे नाते जाहीरपणे मांडले. मराठी माणसाच्या तोंडी संस्कृत शब्द सहज असल्यामुळे त्याच्या हातात एक किल्ली जन्मतःच असते. ती कुलपाला लावून पाहण्याची सवय मात्र त्याला कोणी लावलेली नसते.

सब्ज्युगेट हा शब्द घ्या. अर्थ आहे अंकित करणे, ताब्यात आणणे. लॅटिनमध्ये सब म्हणजे खाली आणि जुगम म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. आपले जू संस्कृत युगपासून आले, आणि युग, जुगम व इंग्रजी योक ही एकाच मुळाची रूपे आहेत. जुवाखाली मान घालायला लावणे म्हणजे सब्ज्युगेट करणे. शेतकऱ्याच्या घरातील मुलीला मी हा शब्द असा सांगितला, तेव्हा तिला तो पुन्हा कधी सांगावा लागला नाही.

असे शब्द पुष्कळ आहेत. इग्नाइटमध्ये अग्नी आहे. गुडघा टेकणे या अर्थाच्या जेन्युफ्लेक्टमध्ये जानु आहे. दिवसभर उपवास करून रात्री जेवण्याच्या व्रताला आपण नक्त म्हणतो, आणि निशाचर प्राण्याला इंग्रजीत नॉक्टर्नल म्हणतात. पैशासंबंधीचा तो पेक्यूनिअरी. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द आपल्या पशूचा सख्खा भाऊ आहे, कारण एके काळी गुरेढोरे हेच धन होते आणि पशुधन हा शब्द आपणही वापरतो. थॉमस हक्सली यांनी १८६९ साली घडवलेल्या ॲग्नॉस्टिक या शब्दात अ हा नकार आणि ज्ञा या धातूचा ग्रीक भाऊबंद जसेच्या तसे दिसतात.

४. मग प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतमधूनच आला, असे समजायचे का?

मुळीच नाही. नाते असणे वेगळे आणि एकातून दुसरे जन्मणे वेगळे. वर दिलेल्या जोड्या भावंडांच्या आहेत, मायलेकरांच्या नव्हेत. नॅव्हिगेशन हा शब्द नवगती या संस्कृत शब्दावरून आला, असा मजकूर अनेक वर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. लॅटिनमध्ये नॅव्हिस म्हणजे नौका आणि अगेरे म्हणजे हाकणे. या दोहोंपासून तो शब्द बनला. नॅव्हिस आणि आपली नौ यांचे नाते खरे आहे, नवगती मात्र नंतरची रचना आहे. केवळ दिसण्यावरही जाऊ नये. डे आणि दिवस या शब्दांचा उगम एक नाही. आपल्या दिवसाचे नाते जुळते ते दैनिक या अर्थाच्या डायर्नलशी. शंका आली की शब्दकोशातील व्युत्पत्ती पाहावी. अशा बाबतीत गोड वाटणारी कथा आणि खरी कथा यांत खऱ्या कथेचीच बाजू घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

५. उपसर्ग आणि धातू पाठ केले की नव्या शब्दाचा अर्थ आपोआप कळतो का?

बहुतेक वेळा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. शेवटी साइड आले की हत्या, क्रसी आले की राज्यपद्धती, फोबिया आले की भय, एवढे पक्के ठेवावे. त्यापुढे पावलागणिक अपवाद आहेत. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारे नव्हे, झटकन पेटणारे. तेथील इन नकाराचा नाही. एनर्व्हेट ऐकायला एनर्जीसारखा वाटतो, पण अर्थ नेमका उलटा, म्हणजे गलितगात्र करणे. नॉयसमचा आवाजाशी संबंध नाही. तो त्रास या अर्थाच्या ॲनॉयवरून आला आणि दुर्गंधीसारख्या किळसवाण्या गोष्टीला लावतात. रेस्टिव्ह म्हणजे विश्रांत नव्हे. अडून बसणाऱ्या, पुढे न जाणाऱ्या घोड्यासाठी तो शब्द होता, आणि आता बेचैन, आवरायला कठीण असा त्याचा अर्थ झाला आहे. हे चार शब्द मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिते, म्हणजे मुळांवरचा विश्वास योग्य मापात राहतो.

६. इंग्रजीत एकाच अर्थाचे तीन-तीन शब्द का असतात? कोणता वापरायचा?

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि शेतात, गोठ्यात इंग्रजी होते. त्यामुळे गोठ्यातली गाय काऊ राहिली आणि ताटातली बीफ झाली. मेंढी शीप राहिली आणि तिचे मटण फ्रेंच नावाने आले. विचारण्यासाठी आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट असे तीन शब्द झाले. यात नवल वाटू नये. मराठीतही आपण विचारतो, पृच्छा करतो आणि चौकशी करतो, आणि या तिन्ही क्रियांचा दर्जा आपल्याला न सांगता कळतो. आईला कोणी पृच्छा करत नाही. इंग्रजीतही साधारण हाच नियम आहे : देशी शब्द घरगुती, फ्रेंच शब्द सभ्य आणि लॅटिन शब्द कचेरीतला. कोणता वापरायचा हे प्रसंगावरून ठरवावे, लांबीवरून नव्हे.

७. शब्दाचा अर्थ मराठीत लिहून ठेवावा की इंग्रजीतच?

दोन्ही लिहावेत, पण मराठी अर्थ लिहिताना शब्दकोशातील पहिल्या शब्दावर थांबू नये. आपण तो भाव घरात, गावात, कामावर कोणत्या शब्दांनी बोलतो ते आठवावे. परफंक्टरीपुढे वरवरचा असे लिहिले तर ते चूक नाही, पण दोन दिवसांत विसरते. त्याच शब्दापुढे ‘पाट्या टाकणे’ लिहिले की मन न घालता उरकलेले काम डोळ्यांसमोर उभे राहते. ऑब्सीक्विअसपुढे लाळघोट्या, क्वेर्युलसपुढे किरकिऱ्या, प्रोक्रॅस्टिनेटपुढे चालढकल लिहावे; शेवटच्या शब्दात तर लॅटिन क्रास, म्हणजे उद्या, दडलेलाच आहे. सुपरसिलिअस म्हणजे तुच्छतेने बघणारा. तो शब्द लॅटिनमधील भुवईवरून आला आहे, आणि भुवई चढवणारी माणसे आपल्याकडेही आहेत.

काही ठिकाणी मराठीची पकड इंग्रजीपेक्षाही घट्ट असते. अव्हन्क्युलर हा शब्द प्रेमळ, वडीलधाऱ्या, हसतमुख माणसासाठी वापरतात. इंग्रजी वाचकाला तो नुसता अंकलसारखा एवढाच कळतो, कारण त्याच्याकडे मामा आणि काका यांना मिळून एकच शब्द आहे. लॅटिनमध्ये मात्र अवुन्क्युलस म्हणजे आईचा भाऊ. काकाला वेगळा शब्द होता. म्हणजे अव्हन्क्युलर माणूस हा मुळात मामासारखा माणूस, आणि मामाच्या गावाला गेलेल्या कोणालाही तो शब्द आणखी समजावावा लागत नाही.

युफेमिझमचेही तसेच आहे. अप्रिय गोष्ट सौम्य शब्दांनी बोलणे, अशी त्याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा आपण बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो आणि निघताना जातो न म्हणता येतो म्हणतो, हे वहीत लिहावे. त्याच्याशी जवळजवळ सारखा दिसणारा युफ्युइझम हा शब्द अलंकारांनी लादलेल्या कृत्रिम लेखनशैलीसाठी आहे, एवढी सावधगिरी ठेवावी.

८. आयुर्वेदातील प्रकृतींसारखे शब्द इंग्रजीतही आहेत, असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, पण वाटणी वेगळी आहे. ग्रीक वैद्यकात तीन दोषांऐवजी चार रस मानले जात : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. त्यांवरून स्वभावाचे चार शब्द आले. रक्त अधिक तो सँग्विन, म्हणजे आशावादी. कफ अधिक तो फ्लेग्मॅटिक, म्हणजे थंड, सहसा न उसळणारा. पिवळे पित्त अधिक तो कॉलरिक, म्हणजे तापट. आणि काळे पित्त अधिक तो मेलन्कॉलिक, म्हणजे खिन्न. पित्त आणि तापटपणा यांची सांगड आपल्याला ओळखीची असल्यामुळे कॉलरिक चटकन लक्षात राहतो. सँग्विनपाशी मात्र थांबावे. त्यात रक्त असले तरी तो रक्तरंजित नव्हे. त्यासाठी सँग्विनरी हा वेगळा शब्द आहे, आणि या दोघांची अदलाबदल झाली तर वाक्याचा अर्थ भलताच होतो.

९. शब्दांची वही कशी ठेवावी? नुसती यादी केली तर चालेल का?

डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला अर्थ अशी यादी कितीही लांबली तरी ती वापरायच्या वेळी कामी येत नाही, असा माझा अनुभव आहे. दोनशे पानी वहीचे अर्धे पान एका शब्दाला द्यावे. माझ्या वहीतील एक नोंद येथे जशीच्या तशी देते.

लगूब्रिअस. विशेषण. जोर गू वर. लॅटिनमधील शोक करणे या क्रियापदावरून. मराठी : सुतकी. कशाला लावतात : चेहरा, आवाज, गाण्याची चाल. कशाला लावत नाहीत : खऱ्या शोकात बुडालेल्या माणसाला, कारण या शब्दात दुःखाचे थोडे अधिकच प्रदर्शन असल्याचा सूर आहे. कुठे भेटला : एका कादंबरीत, हॉटेलातील वाढप्याच्या वर्णनात. माझे वाक्य : सामना जिंकूनही प्रशिक्षकाचा चेहरा लगूब्रिअसच होता.

यातील ‘कशाला लावत नाहीत’ ही ओळ सर्वांत मोलाची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. शब्दाची सोबत कळली नाही तर काय होते, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. पाठ केलेले शब्द चार दिवसांत विसरतात. काय करावे?

विसरणे हा स्मरणाचा स्वभाव आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून हे मोजले आणि १८८५ साली मांडले : पाठ केल्यावर सुरुवातीला विसर झपाट्याने पडतो आणि मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी सारखी सारखी करण्यापेक्षा वाढत्या अंतराने करावी. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने.

सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात यासाठी खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. बुटांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करावेत. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि वाक्य. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. नाही आठवला तर ती कितव्याही कप्प्यात असो, परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. अँकी हे फुकट संगणकीय साधन थोड्याफार फरकाने हेच काम करते. त्यात तयार संच मिळतात, पण चिठ्ठी स्वतः केलेलीच असावी, कारण तिच्यावरचे वाक्य आपले असले तरच ते आपल्याला आठवते. आणि चिठ्ठी उलटण्यापूर्वी उत्तर तोंडाने म्हणावे. अर्थ नुसता पाहून ‘हो, हे येत होते’ असे वाटणे ही फसगत आहे.

११. सारखे दिसणारे शब्द कायम गोंधळात टाकतात. त्यांतले महत्त्वाचे कोणते?

इंजीनिअस म्हणजे कल्पक आणि इंजेन्युअस म्हणजे निष्कपट, भाबडा. प्रिस्क्राइब म्हणजे औषध किंवा नियम लिहून देणे, प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे. क्रेडिबल म्हणजे विश्वासार्ह, क्रेड्युलस म्हणजे कोणावरही भरवसा ठेवणारा. व्हीनल म्हणजे लाचखाऊ, व्हीनिअल म्हणजे क्षम्य. या शेवटच्या जोडीत चूक झाली तर ती मुळीच क्षम्य ठरत नाही.

डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड यांना थोडा वेळ द्यावा. पहिल्यात इंटरेस्टचा अर्थ हितसंबंध असा आहे, म्हणून न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, म्हणजे त्याचा खटल्यात काही स्वार्थ नसावा. तो अनइंटरेस्टेड असला, तर वकील बोलत असताना त्याचे लक्ष खिडकीबाहेर असेल. बोलण्यात अनेक इंग्रज पहिला शब्दही दुसऱ्याच्या अर्थाने वापरतात, तरी लेखनात हा फरक पाळावा.

पेनअल्टिमेट हा शब्द पुष्कळांना अगदी शेवटचा किंवा सर्वश्रेष्ठ या अर्थाचा वाटतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : उपांत्य. क्रिकेटच्या बातम्या वाचणाऱ्याने उपांत्य फेरी आठवली की चूक होणार नाही.

१२. फार लांब आणि चमत्कारिक शब्द शिकण्यात काही अर्थ आहे का?

आनंदासाठी जरूर शिकावेत, उपयोगासाठी नाही. २०१८ साली शशी थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची माहिती देताना फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन हा २९ अक्षरी शब्द वापरला आणि देशभर लोक शब्दकोश उघडू लागले. अर्थ आहे एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणे. लॅटिनमधील क्षुल्लकपणा दाखवणारे चार शब्द त्यात एकापुढे एक जोडले आहेत. त्यांतील पहिला लोकरीच्या पुंजक्यासाठी आणि चौथा केसासाठी आहे. आपण ‘कस्पटासमान लेखणे’ म्हणतो तेव्हा लोकरीऐवजी काडीकचरा घेतो, एवढाच फरक.

फुप्फुसाच्या विकाराचे म्हणून सांगितले जाणारे ४५ अक्षरी नाव १९३० च्या दशकात केवळ लांब शब्द हवा म्हणून घडवले गेले. डॉक्टर त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि आपणही तेच म्हणावे. अशा लांबलचक शब्दांना सेस्क्विपिडेलिअन म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ दीड फूट लांबीचा, आणि ही उपमा होरेस या रोमन कवीची आहे.

१३. वाचताना शब्द कळतो, पण बोलताना उच्चार चुकतो. नियम आहे का?

एकच एक नियम नाही. वाचून शिकलेल्या शब्दांची ही अडचण इंग्रजांनाही असते, म्हणून तिची लाज वाटू देऊ नये. इपिटमी हा शब्द एपिटोम असा, हायपर्बली हा हायपरबोल असा आणि अराय हा ऑरी असा वाचला जातो. सेग्वे, इंडाइट, व्हिटल्स आणि गोदीच्या धक्क्यासाठीचा की यांची स्पेलिंगे पाहून उच्चार सुचणे कठीणच आहे. कर्ज या अर्थाच्या डेटमधील मुका बी तर विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावे म्हणून मागाहून घातला. तो कधी उच्चारला जात नव्हता.

मराठी भाषकाची खरी अडचण निराळी आहे. आपण शब्दातील सगळी अक्षरे जवळपास सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर असतो आणि बाकीची दबतात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. जोर चुकला तर स्वर बरोबर असूनही समोरच्याला शब्द ओळखू येत नाही, म्हणून वहीत जोराची जागा लिहावीच.

१४. नवे शब्द निबंधात आणि मुलाखतीत वापरावेत का?

ज्या शब्दाची सोबत ठाऊक आहे तोच वापरावा. माझ्या वर्गातील एका गुणी मुलाने निबंधात आपल्या गावच्या डॉक्टरांना नोटोरिअस म्हटले होते. त्या डॉक्टरांनी त्याच्या आजीवर रात्री दोन वाजता येऊन उपचार केले होते, आणि त्याला त्यांना नामांकित म्हणायचे होते. समानार्थी शब्दांच्या यादीत फेमसच्या शेजारी त्याला हा शब्द सापडला. तो कुख्यात या अर्थाचा आहे हे त्या यादीत लिहिलेले नव्हते. तो निबंध त्या गठ्ठ्यात सर्वांत प्रेमाने लिहिलेला होता आणि एका शब्दाने त्याचा अर्थ फिरला. तेव्हापासून समानार्थी शब्दांची यादी मी उमेदवाराच्या हाती एकटी देत नाही. सोबत उदाहरणांची वाक्ये देणारा शब्दकोश देते.

मुलाखतीत तर साधा आणि अचूक शब्द आधी. एका उत्तरात एक नेमका वरचा शब्द सहज आला तर तो शोभतो. तीन आले तर ऐकणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावरून उडते.

१५. परीक्षांसाठी अजूनही अशा शब्दांच्या याद्या पाठ कराव्या लागतात का?

पूर्वीइतक्या नाहीत. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ साली गेले आणि अमेरिकेतील पदवीप्रवेशाच्या सॅट परीक्षेने २०१६ सालच्या बदलात दुर्मीळ शब्दांवरचा भर सोडला. आता शब्द उताऱ्यातील संदर्भासह येतो, त्यामुळे प्रश्न ९ मधील पद्धत परीक्षेलाही चालते.

१६. एकाच शब्दाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ असू शकतात का?

असू शकतात. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन म्हणजे निर्बंधही. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि नजरचूक सुद्धा. क्लीव्ह म्हणजे चिकटून राहणे आणि दुभंगणे. येथे खरे तर दोन निरनिराळे जुने शब्द कालांतराने एकाच स्पेलिंगला येऊन मिळाले आहेत. सभेत एखादा प्रस्ताव टेबल केला, तर ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेतला आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवला, असा अर्थ होतो. परदेशी कंपनीत काम करणाऱ्यांनी हा शेवटचा शब्द लक्षात ठेवावा, कारण पत्रव्यवहारात तो वारंवार येतो.

१७. शब्दाचा मूळ अर्थ एक आणि आजचा वापर दुसरा असेल, तर बरोबर कोणता?

सुशिक्षित लेखक आज ज्या अर्थाने लिहितात तो. नाइस या शब्दाचे लॅटिन मूळ अज्ञानी या अर्थाचे आहे आणि मध्ययुगीन इंग्रजीत तो मूर्खासाठी वापरत, म्हणून आज कोणी रागावत नाही. डेसिमेट म्हणजे रोमन सैन्यातील दर दहांमागे एकाला मारण्याची शिक्षा. आज तो मोठ्या प्रमाणावरील विनाशासाठी चालतो. काही शब्द मात्र अजून वाटेत आहेत. नॉनप्लस्ड म्हणजे गांगरलेला, पण अमेरिकेत बरेच जण तो अविचल या उलट अर्थाने वापरू लागले आहेत. असे शब्द वाचताना संदर्भ पाहावा आणि स्वतः लिहिताना टाळावेत.

१८. प्रीपोन हा शब्द चुकीचा आहे, असे सांगितले जाते. मग वापरू नये का?

प्रीपोन भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे, शब्दकोशांत त्याची नोंद आहे आणि पोस्टपोनच्या जोडीला तो अर्थपूर्णही आहे. भारतातील पत्रव्यवहारात तो खुशाल वापरावा. बाहेरच्या वाचकाला तो अपरिचित असू शकतो, म्हणून तिथे तारीख अलीकडे आणली असे सरळ लिहावे.

१९. मराठीतून इंग्रजीत गेलेला एखादा शब्द आहे का?

माझ्या आवडीचा आहे मंगूस. तो आपल्या मुंगुसापासून गेला. त्याचा शेवट गूससारखा होतो म्हणून अनेकवचन मंगीस होईल असे वाटते, पण हंसासाठीच्या गूसशी त्याचे काहीच नाते नाही; अनेकवचन मंगूसेस असेच आहे. उलट दिशेने, म्हणजे मराठी शब्दाची इंग्रजी छटा शोधायची असेल, तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आजही हाताशी ठेवावा. तो प्रथम १८३१ साली निघाला, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली आली, आणि आता तो इंटरनेटवरही शोधता येतो.

२०. ज्या इंग्रजी शब्दाला मराठीत शब्दच नाही, त्याचे काय करावे?

आधी खरोखरच नाही ना, हे तपासावे. पहिल्या पावसाच्या सुवासासाठी पेट्रिकोर हा शब्द १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन वैज्ञानिकांनी घडवला. त्यांनी ग्रीकमधून दगड आणि देवांच्या अंगातील रक्त हे शब्द घेतले. आपल्याकडे मृद्गंध आहे, आणि त्यात दगडाऐवजी माती आहे.

सेरेंडिपिटीला मात्र एका शब्दाचे मराठी नाही. होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या पत्रात तो घडवला, आणि त्यातील सेरेंडिप हे श्रीलंकेचे जुने नाव आहे. योगायोग हे त्याचे भाषांतर अपुरे पडते, कारण योगायोगाला पाहणाऱ्याची नजर लागत नाही. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली, हा योगायोग. त्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झाले आहेत हे त्यांनी हेरले आणि त्यातून पेनिसिलिन गवसले, ही सेरेंडिपिटी. अशा शब्दापुढे वहीत अर्थाऐवजी अशी एक हकीकत लिहावी. ‘दुसरेच शोधताना मोलाचे गवसणे’ एवढी ओळ तिच्याखाली पुरते.